दर्जा काढून घेण्याची नोटीस आली, आता? : निर्वासितांच्या कायद्याबद्दल वाचकांचे प्रश्न

निर्वासित म्हणून मान्यता कशी मिळते यावर बरंच लिहिलं जातं. मिळालेली मान्यता परत जाऊ शकते, हे मात्र पुष्कळांना नोटीस हातात पडल्यावरच कळतं. या वेळची पत्रं सगळी त्याबद्दलची आहेत. मूळ चौकट निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या जिनिव्हा कराराची आहे. नियम एखाद्या देशाचा असेल तिथे त्या देशाचं नाव दिलं आहे. एका देशाची मुदत दुसऱ्या देशाला लावू नका.

प्रश्न : ‘दर्जा संपला’, ‘रद्द झाला’, ‘काढून घेतला’ हे तिन्ही शब्द बातम्यांत एकाच अर्थाने दिसतात. कायद्यात फरक आहे का? (कायद्याची विद्यार्थिनी)

आहे, आणि सगळं प्रकरण त्या फरकावरच उभं असतं.

पहिला प्रकार समाप्तीचा. दर्जा दिला तेव्हा तो बरोबरच होता, पण आता त्याची गरज उरली नाही, असं सरकार म्हणतं. कराराच्या कलम १ क मध्ये याची सहा कारणं दिली आहेत : मायदेशाचं संरक्षण स्वेच्छेने पुन्हा घेणं, गेलेलं नागरिकत्व स्वेच्छेने परत मिळवणं, नव्या देशाचं नागरिकत्व आणि संरक्षण मिळणं, सोडलेल्या देशात स्वेच्छेने पुन्हा वस्ती करणं, आणि ज्या परिस्थितीमुळे पळावं लागलं ती संपणं. हे शेवटचं कारण दोनदा येतं, एकदा राष्ट्रीयत्व असलेल्यांसाठी आणि एकदा राष्ट्रीयत्वच नसलेल्यांसाठी. यादी इथे पूर्ण होते. ‘आता नोकरी आहे, घर आहे, मग दर्जा कशाला’ हे सातवं कारण कुठेही लिहिलेलं नाही.

दुसरा प्रकार दर्जा मुळापासून रद्द करण्याचा. तो द्यायलाच नको होता, कारण महत्त्वाची माहिती खोटी होती किंवा दडवली गेली. काही वेळा चूक अर्जदाराची नसून अधिकाऱ्याची असते, तरीही कारवाई होऊ शकते. ‘दुय्यम संरक्षण’ या युरोपातल्या जोड-दर्जाबाबत (निर्वासिताच्या व्याख्येत न बसणाऱ्या, पण परत गेल्यास गंभीर इजेचा धोका असलेल्यांना तो मिळतो) युरोपीय संघाच्या न्यायालयाने मे २०१९ मध्ये तसं स्पष्ट म्हटलं.

तिसरा प्रकार नंतरच्या वर्तनामुळे दर्जा काढून घेण्याचा. युद्धगुन्हे, मानवतेविरुद्धचे गुन्हे, संयुक्त राष्ट्रांच्या उद्दिष्टांविरुद्धची कृत्यं हे कलम १ फ मधले विषय इथे येतात. त्याच कलमातला ‘गंभीर बिगर-राजकीय गुन्हा’ मात्र आश्रयाच्या देशात शिरण्यापूर्वीचाच धरला जातो. म्हणून इथे आल्यावर केलेली चोरी किंवा मारामारी या खान्यात बसत नाही.

नोटीस आली की आधी तिच्यात कलम शोधा. समाप्तीच्या नोटिशीला ‘मी अर्जात खरंच लिहिलं होतं’ असं उत्तर देणं म्हणजे न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. तरीही लोक तेच पाच-पाच पानं लिहितात, आणि विचारलेला प्रश्न तसाच राहतो.

प्रश्न : ओळखीतल्या एका निर्वासित मुलीने मायदेशाच्या दूतावासातून पासपोर्ट काढला आणि दोनदा आईला भेटून आली. आता समाप्तीची नोटीस आली आहे. एवढ्यावरून दर्जा जातो? (सामाजिक कार्यकर्ता)

जाऊ शकतो. पण आपोआप जात नाही. सगळ्यांत जास्त गैरसमज याच बाबतीत आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

पासपोर्ट म्हणजे नुसता प्रवासाचा कागद नाही. ‘हा माझा नागरिक, परदेशात याची काळजी घ्या’ असं त्यातून एक देश दुसऱ्या देशाला सांगत असतो. म्हणून पासपोर्ट मागितला की संरक्षण मागितलं, असं अनुमान निघतं. यूएनएचसीआरच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या हस्तपुस्तिकेतल्या परिच्छेद १२१ मध्ये ते आहे, पण त्यालाच जोडून ‘विरुद्ध पुरावा नसेल तर’ अशी अटही आहे. तुमचं काम त्या अटीवर उभं करायचं. परिच्छेद ११९ तीन कसोट्या देतो : कृती स्वेच्छेची होती का, संरक्षण घेण्याचा इरादा होता का, आणि संरक्षण खरोखर मिळालं का. तिन्हींचं उत्तर ‘हो’ आलं तरच समाप्ती.

कॅनडाच्या फेडरल कोर्ट ऑफ अपीलने मार्च २०२२ च्या एका निकालात यावर बरंच काम सोपं केलं आहे. न्यायालय म्हणालं की त्या व्यक्तीला प्रत्यक्षात काय माहीत होतं ते बघा. तिला काय माहीत असायला हवं होतं, ते नव्हे. मग बघायच्या गोष्टींची यादीच दिली : वय आणि शिक्षण, असं केल्याने दर्जा जाऊ शकतो याची जाणीव, छळ करणारा कोण होता, पासपोर्ट स्वेच्छेने घेतला का, प्रवासासाठी वापरला का, कशासाठी, किती वेळा, किती दिवस, तिथे काय खबरदारी घेतली, आणि दर्जा गेला तर परिणाम किती गंभीर होतील. एकाच मुद्द्यावर निकाल ठरत नाही.

छळ करणारा कोण, हा मुद्दा पुष्कळदा सुटतो. भीती सरकारची असेल तर त्याच सरकारच्या खिडकीपाशी उभं राहणं समजावून सांगणं कठीण जातं. भीती नवऱ्याची, दिराची किंवा गुंडटोळीची असेल तर पासपोर्ट कार्यालयात गेल्याने ती भीती संपल्याचं दिसत नाही. हे निवेदनात पहिल्याच पानावर यायला हवं.

आता कागद. आधी फाईल मागवा, निवेदन नंतर लिहा. सरकारकडे मूळ मुलाखतीची प्रत, विमानतळावरच्या अधिकाऱ्याची टिपणं, रहिवासी कार्डाच्या नूतनीकरणात तिनेच भरलेले परदेशातले दिवस, हे सगळं असतं. ते न बघता आठवणीवर लिहिलं की एखादी तारीख चुकते, आणि मग सुनावणी आजारी आईवर न होता त्या तारखेवर होते.

पासपोर्टच्या सगळ्या पानांच्या प्रती काढा, कोऱ्या पानांसकट. मग प्रत्येक प्रवासाची एक ओळ, असा तक्ता करा : निघाल्याची तारीख, परतल्याची तारीख, कोणता कागद दाखवला, कुठे राहिली, कोणाला माहीत होतं, कारण, पुरावा. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर तो तसाच रिकामा ठेवा आणि पुरावा का नाही ते लिहा. नंतर जुळवून आणलेलं पत्र रिकाम्या रकान्यापेक्षा जास्त नुकसान करतं.

निवेदनात ‘आई आजारी होती म्हणून गेले’ असं वाक्य असेल तर ते खोडा. त्या जागी असं काही हवं : ‘१२ मार्चला आईला अतिदक्षता विभागात दाखल केलं (दवाखान्याचं पत्र, जोड ४). १४ ला निघाले. विमानतळावरून थेट मावशीकडे गेले. आमच्या जुन्या घरी गेले नाही, कारण तो माणूस त्याच गल्लीत राहतो. दवाखान्यात दोनदा गेले, दोन्ही वेळा रात्री आठनंतर, मामेभावाबरोबर. २१ ला परत आले.’ यात एकही विशेषण नाही. निर्णय देणाऱ्याला कारण, खबरदारी आणि कालावधी तिन्ही दिसतात.

दुसऱ्या भेटीचं कारण काय होतं, हे तुमच्या पत्रात नाही. ते लग्न असेल तर लग्नच लिहा. हस्तपुस्तिकेचा परिच्छेद १२५ आजारी किंवा वृद्ध आईबापांना भेटणं आणि दरवर्षी सुटीला किंवा धंद्यासाठी जाणं यांत फरक करतो. एक लग्न म्हणजे ‘नियमित सुट्या’ नव्हेत, असा युक्तिवाद करता येतो. मात्र लग्न लपवलं आणि समाजमाध्यमावरचा फोटो समोरून आला, तर पहिल्या भेटीवरचाही विश्वास उडतो.

आणखी एक प्रश्न हमखास विचारतात : निर्वासितांसाठीचं प्रवासपत्र उपलब्ध असताना मायदेशाचा पासपोर्ट का? कराराच्या कलम २८ प्रमाणे आश्रय देणारा देश असं प्रवासपत्र देतो, आणि त्यावर सहसा मायदेश वगळलेला असतो. उत्तर खरं असावं एवढीच अपेक्षा. हे पत्र मिळतं हेच माहीत नव्हतं, एजंटने पासपोर्टच काढायला सांगितला, तिसऱ्या देशाने व्हिसासाठी पासपोर्टच मागितला, यांपैकी जे खरं असेल ते, आणि एजंटशी झालेली लेखी देवाणघेवाण असेल तर ती जोडून. पासपोर्ट आईबापांनी मूल लहान असताना काढला असेल तर स्वेच्छा आणि इरादा या दोन्हींवर मोठा आक्षेप घेता येतो.

प्रश्न : नोटिशीपासून निकालापर्यंत क्रम काय असतो? मी सुनावण्यांत दुभाष्याचं काम करते, पण मला मधलाच तुकडा दिसतो. (दुभाषी)

क्रम देशागणिक बदलतो, कारण मूळ निर्णय कोण देतं तेच वेगळं आहे.

कॅनडात मंत्री, म्हणजे सरकार, अर्जदार असतो आणि निर्वासित उत्तर देणारा. प्रकरण निर्वासित संरक्षण विभागापुढे, म्हणजे एका स्वतंत्र मंडळापुढे चालतं. कागद सुनावणीच्या किमान १० दिवस आधी द्यावे लागतात. परभाषेतल्या कागदाला भाषांतर आणि भाषांतरकाराचं निवेदन जोडावं लागतं. निकाल विरुद्ध गेला तर निर्वासित अपील विभागाकडे जाताच येत नाही. थेट फेडरल कोर्टात न्यायिक पुनर्विलोकनाची (निर्णय कायद्याला धरून झाला का, एवढ्याच तपासणीची) परवानगी मागावी लागते, आणि त्याला फक्त १५ दिवस मिळतात.

ब्रिटनमध्ये गृहखातंच लेखी कळवतं, म्हणणं मागवतं आणि निर्णय देतं. यूएनएचसीआरलाही कळवून त्यांचं मत मागवलं जातं. त्यानंतर फर्स्ट-टियर ट्रिब्युनल या न्यायाधिकरणाकडे अपील. देशात असलेल्यांना निर्णय पाठवल्यापासून १४ दिवस.

जर्मनीत निर्णय केंद्रीय स्थलांतर आणि निर्वासित कार्यालयाचा, आणि दावा प्रशासकीय न्यायालयात, सहसा दोन आठवड्यांत. तिथे निर्णय पिवळ्या लिफाफ्यातून येतो आणि टपालवाला पोच दिल्याची तारीख लिफाफ्यावरच लिहितो. मुदत त्या तारखेपासून मोजतात. लोक पत्र जपून ठेवतात आणि लिफाफा फेकून देतात! दर्जा दिल्यावर काही वर्षांनी सरसकट होणारी फेरतपासणी तिथे १ जानेवारी २०२३ पासून बंद झाली. आता कारवाईला काही निमित्त लागतं.

अमेरिकेत आश्रय संपवण्यासाठी मुलाखतीच्या किमान ३० दिवस आधी कारणांसह नोटीस द्यावी लागते.

युरोपीय संघाच्या २०१३ च्या कार्यपद्धती निर्देशात एक तरतूद आहे, तिच्यावर लक्ष ठेवा. माहिती गोळा करताना छळ करणाऱ्याला ‘हा माणूस आमच्याकडे संरक्षणात आहे’ हे थेट कळेल, अशा रीतीने चौकशी करायची नाही. फाईलमध्ये मायदेशाच्या कार्यालयाचं उत्तर दिसलं तर ते कसं मागवलं, हा पहिला प्रश्न विचारायचा.

प्रत्यक्षात सगळ्यांत जास्त प्रकरणं बिघडतात ती पत्त्यामुळे. घर बदललं, कळवलं नाही, नोटीस जुन्या दारावर गेली, आणि निर्णय एकतर्फी झाला. दर्जा मिळून दहा वर्षं झाली असली तरी पत्ता कळवत राहा.

प्रश्न : मायदेशात सरकार बदललं की सगळ्यांचाच दर्जा जाणार का? (वाचक)

नाही. बदल मोठा आणि टिकाऊ हवा. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २ मार्च २०१० रोजी, इराकमधून जर्मनीत आलेल्या निर्वासितांच्या प्रकरणात, कसोटी घातली : ज्या कारणाने भीती होती ते कारण खरोखर, कायमसाठी दूर झालं पाहिजे, आणि संरक्षण देणारी यंत्रणा तिथे काम करत असली पाहिजे. त्याच न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये सांगितलं की नातेवाईक किंवा कुळ आधार देतं म्हणजे राज्याचं संरक्षण मिळतं असं नव्हे. सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असते. निर्वासिताने पुन्हा पहिल्यापासून आपली भीती सिद्ध करायची नसते.

अख्ख्या गटाबाबत समाप्ती होते ती बरीच वर्षं थांबून. यूएनएचसीआरने अंगोला आणि लायबेरियाच्या निर्वासितांसाठी ३० जून २०१२ ही तारीख ठरवली, आयव्हरी कोस्टसाठी ३० जून २०२२. लायबेरियातलं यादवी युद्ध २००३ मध्ये थांबलं होतं, म्हणजे मधे नऊ वर्षं गेली. सीरियात डिसेंबर २०२४ मध्ये असद राजवट कोसळली, तेव्हा काही दिवसांतच युरोपातल्या अनेक देशांनी सीरियन लोकांच्या अर्जांवरचे निर्णय थांबवले. अर्जावरचा निर्णय थांबवणं आणि मिळालेला दर्जा संपवणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. बातमी वाचताना त्या मिसळू नका.

गटाचा दर्जा संपला तरी व्यक्तीचं प्रकरण उरतं. पूर्वी भोगलेला छळ इतका भयंकर असेल की परत जायला सांगणंच अमानुष ठरावं, तर अपवाद मागता येतो. यासाठी वैद्यकीय आणि मानसोपचाराची कागदपत्रं लागतात. डॉक्टरांच्या पत्रात ‘तणाव आहे’ एवढंच नको. कधीपासून, कोणत्या घटनेशी जोडलेला, उपचार कोणते, आणि परत गेल्यास काय होईल, हे सगळं हवं.

प्रश्न : अर्जात एजंटच्या सांगण्यावरून प्रवासाचा मार्ग खोटा लिहिला होता. छळाची हकिगत खरी होती. दर्जा मुळापासून रद्द होईल? (नाव दिलेलं नाही)

खोटेपणा निर्णयाच्या दृष्टीने महत्त्वाचा होता का, हे बघितलं जातं. मार्ग खोटा पण ओळख, देश आणि छळ खरा असेल तर बाजू मांडता येते. मात्र ‘आधीच एका सुरक्षित देशाचं नागरिकत्व होतं’ हे लपवण्यासाठी मार्ग बदलला असेल तर तो मार्ग क्षुल्लक राहत नाही.

कॅनडाच्या स्थलांतर आणि निर्वासित संरक्षण कायद्याचं कलम १०९ इथे दोन पायऱ्या देतं. आधी : महत्त्वाची गोष्ट थेट वा आडवळणाने चुकीची सांगितली किंवा दडवली का? ‘हो’ आलं तरी दुसरी पायरी उरते : ती खोटी माहिती बाजूला काढल्यावरही, मूळ सुनावणीत समोर असलेल्या बाकीच्या पुराव्यावर दर्जा मिळाला असता का? मिळाला असता, तर मंत्र्याचा अर्ज फेटाळता येतो. या दुसऱ्या पायरीला नवा पुरावा चालत नाही. मूळ फाईलमध्ये जे होतं तेवढंच. म्हणून मूळ फाईलची एक प्रत घ्या आणि रंगीत पेनाने खोट्याशी जोडलेली प्रत्येक ओळ खोडा. उरलेलं सलग वाचा. त्यातून प्रकरण उभं राहत असेल तर तोच तुमचा युक्तिवाद.

वकिलाला न दाखवता स्वतःहून कबुलीपत्र पाठवू नका. फौजदारी बाजूही असू शकते.

प्रश्न : दर्जा गेला म्हणजे लगेच हकालपट्टी? (पत्रकार)

हे दोन वेगळे निर्णय आहेत. दर्जा गेल्यावरही छळ होण्याचा खरा धोका असेल तर तिथे पाठवता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या छळाविरुद्धच्या कराराचं कलम ३ आणि युरोपीय मानवी हक्क कराराचं कलम ३ यांना अपवाद नाही. धोका असलेल्या ठिकाणी परत पाठवायला मनाई करणाऱ्या जिनिव्हा कराराच्या कलम ३३ ला मात्र अपवाद आहे : देशाच्या सुरक्षेला धोका, किंवा विशेष गंभीर गुन्ह्यात शिक्षा होऊन समाजाला धोका. ब्रिटनने २०२२ च्या कायद्याने ‘विशेष गंभीर’ची पायरी दोन वर्षांच्या शिक्षेवरून बारा महिन्यांवर आणली. युरोपीय संघाच्या न्यायालयाने मात्र १४ मे २०१९ रोजी म्हटलं की या कारणावरून दर्जा काढला तरी माणूस कराराच्या अर्थाने निर्वासितच राहतो, आणि करारातले काही हक्क त्याला द्यावेच लागतात.

कॅनडात धोका वेगळ्या ठिकाणी आहे. डिसेंबर २०१२ पासून समाप्ती झाली की कायमचा रहिवासही त्याबरोबरच जातो. फक्त ‘परिस्थिती बदलली’ या कारणाने समाप्ती झाली तर तो टिकतो. म्हणून निकालपत्रात कोणतं उपकलम लिहिलं आहे, यावर माणसाचं घरदार ठरतं. मंत्र्याने दोन कारणं मांडली असतील तर निकाल कोणत्या कारणावर आहे, ते स्पष्ट लिहून मागा. रहिवास गेल्यावर मानवतेच्या कारणावरून रहिवास मागण्याचा अर्जही साधारणपणे १२ महिने करता येत नाही.

प्रश्न : नागरिकत्व मिळाल्यावर ही भीती संपते ना?

निर्वासित दर्जापुरती संपते. नवं नागरिकत्व हेच समाप्तीचं एक कारण आहे. नागरिकत्वच काढून घेण्याचा कायदा वेगळा, आणि त्यात मूळ अर्जातला खोटेपणा पुन्हा वर येऊ शकतो. नागरिकत्वाची शपथ होईपर्यंत मायदेशाच्या पासपोर्टवर प्रवास टाळा. अर्जात प्रवासाची यादी द्यावी लागते, आणि समाप्तीची कारवाई तिथूनच सुरू होऊ शकते.

प्रश्न : मुलाखतीत दुभाष्याने काय सांभाळायचं? (वरच्याच दुभाषी)

क्रियापदं. मराठीत ‘ती परत गेली’ म्हटलं तर आठ दिवसांसाठी गेली की कायमची गेली, हे कळत नाही, आणि बऱ्याच भाषांत हीच गत आहे. कायद्यात मात्र भेट देणं हे एक आणि पुन्हा वस्ती करणं हे दुसरं, स्वतंत्र कलम. तसंच ‘पोलिसांनी मदत केली’. शिक्का मारून दिला, की संरक्षण दिलं? ‘तिथे ठीक होतं’ हे तब्येतीबद्दल की सुरक्षेबद्दल? शब्द दोन अर्थी असेल तर स्वतः अर्थ निवडू नका. ‘या शब्दाचे दोन अर्थ होतात, कोणता ते विचारू का’ असं मोठ्याने म्हणा, म्हणजे ते नोंदीत येतं. चूक झाल्याचं नंतर लक्षात आलं तर ती त्याच बैठकीत, शेवटचा प्रश्न संपण्यापूर्वी सांगा आणि दुरुस्ती लिहून घेतली का ते विचारा. निकाल लागल्यावर दाखवलेली भाषांतराची चूक सिद्ध करायला ध्वनिमुद्रण मागवावं लागतं, आणि तोवर १४-१५ दिवसांची मुदत निम्मी गेलेली असते.